मदत हवी आहे: ऋतू, ऊन आणि केसांची वाढ यावर आपल्याकडचा अभ्यास कुठे मिळेल?

परळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीची मुलं उन्हाच्या परिणामांवर प्रकल्प करताहेत. त्वचेचा भाग जमलाय: उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी ड जीवनसत्त्व बनवणारे यूव्हीबी काचेत जवळजवळ अडतात, यूव्हीए बरेचसे आत येतात. म्हणून बंद खिडकीशी बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही, पण त्वचा काळवंडू शकते. मुलांना हे फार आवडलं.

अडलंय ते केसांवर. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या १४ पुरुषांवरचा १९९१ चा अभ्यास वाचला. दाढीची वाढ जुलैत सर्वाधिक, डोक्यावरचे केस ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जास्त गळतात. पण तिथे जूनचा दिवस सुमारे १७ तासांचा, डिसेंबरचा साडेसात. मुंबईत सव्वातेरा आणि अकरा, त्यात पावसाळाभर आभाळ भरलेलं. तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं, तर बोलणं केसगळतीच्या औषधांकडे वळलं.

उपचार नकोत, आणि मुलांवर यूव्ही दिव्याचे प्रयोग तर मुळीच नाहीत. भारतातल्या किंवा विषुववृत्ताजवळच्या लोकांचे केस वर्षभर मोजलेला, मोफत वाचता येणारा अभ्यास कुणाला माहीत आहे का? आणि त्यात उजेडाचा परिणाम उष्मा-दमटपणापासून वेगळा कसा काढलाय?