रोही पळताना लाथा झाडणारी घोडी

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली सहा वर्षांची घोडी मी हरभऱ्याच्या राखणीसाठी वापरतो. पहाटे आम्ही तिघे शेजारी आपापल्या घोड्यांवर धुऱ्याने (शेताच्या बांधाने) फेरी मारतो, म्हणजे रोह्यांचा (नीलगायींचा) कळप पिकात शिरण्याआधीच परत वळतो. एकटी असताना ही घोडी अगदी समजूतदार असते. परंतु रोही उधळले आणि सोबतचे घोडे त्यांच्यामागे धावू लागले की ती कान पाडते, पाठीची कमान करते आणि मान खाली घालून मागचे दोन्ही पाय झाडते. मागच्या आठवड्यात मी तुरीच्या धसकटांवर पडलो. घरचे तिला विकून टाकण्याचा आग्रह धरत आहेत, पण माझा तिच्यावर जीव आहे. काय करावे?

उत्तर (कारंजा, जि. वाशीम)

घोडीला खोडकर ठरवण्याआधी तिला काही दुखते आहे का, हे पाहावे. फेरीहून आल्यावर खोगीर उतरवताच पाठीवरचा घामाचा ठसा नीट बघा: सगळीकडे ओले असून मध्येच वाटीएवढा कोरडा डाग राहिला असेल, तर बहुधा तिथे खोगीर दाबते आहे. कण्याच्या दोन्ही अंगांना बोटांनी हलके दाबत जा. एखाद्या जागी ती पाठ खाली चोरते का, हे लगेच कळेल. पशुवैद्यांकडून दातही तपासून घ्या, कारण दाढांची धार गालाला लागत असेल तर लगाम ओढताच जनावर बिथरते.

दुसरी गोष्ट खुराकाची. राखणीची घोडी दिवसभर बांधलेली असते आणि आपण मायेपोटी तिला भिजवलेला हरभरा भरपूर घालतो. काम कमी असेल त्या दिवशी दाणा कमी करून कडबा आणि गवत वाढवावे. फेरीला निघण्याआधी लांब दोरावर दहा मिनिटे दोन्ही बाजूंना कावा द्यावा (गोल फिरवावे), म्हणजे पहिला जोर तिथेच उतरतो.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. मान खाली घातल्याशिवाय घोड्याला जोरात पाठ उडवता येत नाही. म्हणून कमान जाणवताच दोन्ही लगाम एकदम ओढून धरू नका, कारण त्याने ती अधिकच चिडेल. एकच लगाम वर आणि बाजूला घेऊन तिला गोलात वळवा, टाचेने पुढे चालवा आणि स्वतः मागे बसून टाचा खाली ठेवा. गळ्यात एक चामडी पट्टा बांधून ठेवा. तोल गेला तर हात तोंडाऐवजी पट्ट्यावर पडावा.

उत्तर (आर्वी, जि. वर्धा)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु मूळ दोष तुमच्या फेरीच्या रीतीत आहे असे मला वाटते. घोडा कळपाने राहणारा प्राणी आहे. सोबती पुढे पळाले आणि आपल्याला रोखून धरले, की त्याचा धीर सुटतो. तिघांनी चालीनेच जायचे आणि धुऱ्यावर एकत्र थांबायचे, असे ठरवा. रोह्यांना हुसकायला आवाज पुरेसा असतो. मागे धावताना कायद्याचेही भान ठेवा, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर मारण्या-पकडण्यासाठी हाकणेही येते. इंग्लंडमध्ये घोडेस्वारांच्या एकत्र फेऱ्यांत लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात, जेणेकरून मागचा स्वार अंतर राखतो. तुम्हीही तशी फीत बांधा आणि शेजाऱ्यांना तिचा अर्थ सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. कोरडा डाग डाव्या बाजूस निघाला. खोगिराचे भरण त्या ठिकाणी गोळा झाले होते, ते उसवून नव्याने भरून घेतले आणि पाठ बरी होईपर्यंत तिच्यावर बसलो नाही. आता आम्ही धुऱ्यावर थांबतो. काल चौदा रोही समोरून गेले. तिने कान ताठ केले, एकदा फुरफुरली आणि जागेवरच उभी राहिली. लाल फीत मात्र अजून काढलेली नाही.