बाईकची नेहमीची सर्व्हिसिंग घरीच करायचीये, सुरुवात कुठून करू?

रोजचा_रायडर:
नमस्कार मंडळी. १५० सीसीची साधी एअरकूल्ड गाडी आहे, रोज कामाला वापरतो. ऑइल, चेन, एअर फिल्टर, प्लग ही नेहमीची कामं आता स्वतः शिकायची आहेत, कारण गाडी सर्व्हिसिंगला टाकली की आत नेमकं काय केलं ते कळतच नाही आणि आपलीच गाडी आपल्याला माहीत नाही हे काही बरं वाटत नाही. पान्यांचा साधा सेट, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आहे, गाडीला मेन स्टँड आहे. आधी काय करू आणि कशाला हात लावू नको?

पाना_पक्कड:
आधी गाडीचं मॅन्युअल काढ, खाली जे आकडे देतोय त्यापेक्षा तुझ्या मॅन्युअलमधला आकडा खरा.

सुरुवात चेनपासून कर. काही उघडावं लागत नाही आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलला, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. इंजिन बंद हे मुद्दाम लिहितोय, काही लोक गिअर टाकून चाक फिरत ठेवतात आणि फडका धरतात, तो फडका स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रात) ओढला गेला की बोटं पण आत जातात. रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ कर, ओ-रिंगवाली (सांध्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात नको, रबर खराब होतं. पुसून कोरडी कर आणि मग ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला मार, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जातं तेव्हा रोलरमधून जातं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना मारलं तर चांगलं मुरतं.

चेनचा सैलपणा, म्हणजे खालची चेन मधोमध वर-खाली जितकी हलते ते अंतर, बऱ्याच साध्या गाड्यांना २० ते ३० मिमी असतं, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असेल तर त्यावर बघ. चाक फिरवून तीन-चार जागी मोज, चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, जिथे सगळ्यात टाईट आहे तिथला आकडा धरायचा. आणि टाईट चेन म्हणजे चांगली चेन असं समजू नकोस. मागचं सस्पेन्शन दाबलं जातं तेव्हा चेन आणखी ताणली जाते, तिला सैल जागा नसेल तर भार थेट बेअरिंगवर येतो. ॲडजस्टरच्या (चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणायच्या बोल्टच्या) खुणा दोन्ही बाजूला सारख्या ठेव, ॲक्सल नट नीट आवळ, आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) परत बघ, चाक मागे सरकलं की ब्रेकही टाईट होतो.

हायवे_प्रेमी:
चेनबद्दल दादांनी बरोबर सांगितलंय. ऑइलचं मी सांगतो. ग्रेड मॅन्युअलमधलाच घे, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं मानक) लिहिलंय का ते बघ, आपल्या बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो त्यामुळे कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. इंजिन दोन-चार मिनिटं चालवून बंद कर, ऑइल पातळ होऊन घाणीसकट खाली येतं, पण भाजेल इतकं गरम नको.

खरा धोका ड्रेन बोल्टचा. इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची, बोल्ट लोखंडी, जोर लावून आवळला की आटे बॉडीचे जातात आणि मग काम महागात पडतं. आधी बोटांनीच पूर्ण बसव, अडखळला तर काढून परत लाव, मग टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. वॉशर नवीन टाक. प्लगलाही हाच नियम, आणि प्लग इंजिन गार असतानाच काढायचा.

लेव्हल गाडी सरळ उभी करून बघ, साइड स्टँडवर चुकीची दिसते. डिपस्टिक आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून ते मॅन्युअलमध्ये असतं, दोन्हीत फरक पडतो. मॅक्सच्या वर भरू नको.

रोजचा_रायडर:
खूप आभार दोघांचे. एअर फिल्टरला हवेचा प्रेशर मारला तर चालेल का? आणि ब्रेक घरी करावे का?

पाना_पक्कड:
फिल्टर कसला आहे त्यावर आहे. फोमचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून, पिळून बसवायचा. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हलका प्रेशर चालतो. पण काही कागदी फिल्टर मुळातच तेलकट असतात, ते धुवायचेही नाहीत आणि त्यांना हवाही मारायची नाही, सरळ बदलायचे.

ब्रेकचं म्हणशील तर बघणं तुझं काम, उघडणं अजून नाही. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली की पॅड संपले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात, पण सिस्टीममध्ये हवा राहिली तर लिव्हर थेट ग्रिपला टेकतो, तेव्हा पहिल्यांदा हे काम येणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच कर. ते ऑइल रंगावर सांडलं तर रंगही जातो, लगेच पाण्याने धू. आणि चेन ल्यूब मारताना मागच्या डिस्कवर आणि टायरवर जुनं कापड टाक, तिथे थेंब उडाला तर पुसल्याशिवाय गाडी काढू नको.

हायवे_प्रेमी:
एक राहिलं, काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नको. जुन्या डब्यात भरून झाकण लाव आणि जिथे जुनं ऑइल गोळा करतात तिथे दे.