दूधसागर धबधबा: पावसाळ्यात आईला घेऊन कसे जावे?

सांगलीची_लेक
नमस्कार. ऑगस्टमध्ये आम्ही चौघे सांगलीहून दूधसागर पाहायला जाणार आहोत. सोबत 68 वर्षांची आई आहे आणि तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. दोन दिवस आणि एकूण सात हजार रुपये एवढीच तरतूद आहे. जीपने जावे, की आणखी कसे? धबधब्याच्या इतिहासाविषयीही जाणकारांनी लिहावे.

रानवेडा
ताई, ऑगस्टमध्ये जाऊ नका. पायथ्याच्या कुळे गावाहून जीप भगवान महावीर अभयारण्यातून ओढे ओलांडत जातात, आणि पावसाळ्यात ओढ्यांना पूर असल्यामुळे ही सेवा बंद असते. ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली की जावे. आम्ही तेव्हाच गेलो होतो आणि मोल्याजवळच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहिलो. खर्च आपल्या तरतुदीच्या तिपटीहून अधिक झाला, पण तसेच राहावे असे मी आग्रहाने सांगेन.

घाटवाट
धबधब्याचे खरे रूप पावसाळ्यातच दिसते. म्हादईचे पाणी सुमारे 310 मीटरवरून चार टप्प्यांत कोसळते; ऑक्टोबरनंतर त्याची धार हळूहळू रोडावते. आम्ही पूर्वी घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनहून रुळांवरून चालत गेलो होतो.

मिरज_जंक्शन
कृपया कोणीही रुळांवरून चालण्याचा सल्ला देऊ नये. रेल्वेने त्यास मनाई केली आहे. वळणांवर आणि बोगद्यांत गाडी समोर येईपर्यंत दिसत नाही, आणि बाजूला सरकायला जागा नसते.

इतिहासाबद्दल सांगायचे तर धबधब्यासमोरच्या पुलावरून जाणारा हा लोहमार्ग ब्रिटिशांनी बांधलेला आहे.

म्हादईकाठ
हे अर्धेच खरे आहे. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि त्यानंतर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने हा मार्ग उभारला. कंपनी लंडनमध्ये स्थापन झालेली होती, परंतु खालचा सारा प्रदेश पोर्तुगीजांचा होता. 1:37 एवढ्या (म्हणजे दर 37 मीटरला एक मीटर) चढामुळे आजही गाडीला मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. 1955 मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा ही वाहतूक तुटली आणि गोवा मुक्त झाल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली.

रानवेडा
माझे मत तेच आहे: ऑक्टोबर आणि जीप. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. जीप धबधब्यापाशी पोहोचत नाही. शेवटचे अंतर दगडधोंड्यांवरून पायी जावे लागते, आणि तिथे माझ्या सासूबाईंचा पाय मुरगळला होता. आपल्या आईंचा विचार करूनच हे ठरवावे.

पुण्याची_प्रवासिनी
मी गोव्याहून परतताना गोवा एक्स्प्रेसने आले. ती गाडी वास्कोहून दुपारी सुटते, म्हणून धबधबा उजेडात दिसला. परंतु दोनच मिनिटांत मागे पडला आणि अर्धा वेळ धुक्यातच गेला. एवढ्यासाठी गोव्यापर्यंत जाणे मला तरी परवडणारे वाटत नाही. त्यापेक्षा तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर पाहावे. तिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि आईंना चढण नाही.

घाटवाट
दोन मिनिटांसाठी गाडीने जाण्यात अर्थ नाही, याच्याशी मी सहमत आहे.

सांगलीची_लेक
सर्वांचे मनापासून आभार. दगडांवरून चालण्याची माहिती फार मोलाची ठरली, म्हणून जीपचा विचार आम्ही सोडला आहे. हा धागा मी आईला वाचून दाखवला. माझे आजोबा रेल्वेत होते आणि तिची लहानपणाची काही वर्षे कॅसलरॉकच्या क्वार्टरमध्ये गेली. मुक्तीनंतर मीटर गेजच्या गाडीतून आजोबांनी तिला पहिल्यांदा गोव्याला नेले, तेव्हा पुलावर पाण्याचे तुषार खिडकीतून आत आले होते आणि तिचा फ्रॉक भिजला होता. तो मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाल्यानंतर आई त्या घाटात गेलेली नाही. तिला पायथ्याशी उभे राहायचे नाही. गाडीतूनच पाहायचे आहे.

म्हणून आम्ही एसटीने मडगावला जाऊन तिथे एक रात्र राहणार आहोत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मिरजेला परतणार आहोत. शयनयानाची चार तिकिटे आज काढली. आईने खिडकी मागितली आहे.