कॅन्सर संशोधनाचे अर्ज बंद दाराआड तपासतात, त्यातलं आपल्याला काय मागता येतं?

संशोधन_कक्ष_वर्धा

नमस्कार मंडळी. ग्रामीण मेडिकल कॉलेजच्या संशोधन कक्षातून विचारतोय. दोन अर्ज आहेत, दोन्ही खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण) आणि तोंडाच्या कॅन्सरवरचे.

पहिला केंद्राच्या एका निधी संस्थेकडे होता. आशाताईंकडून गावात तोंडाची तपासणी, संशयितांची बायोप्सी, असा आराखडा. पोर्टलवर निकाल एका ओळीचा: ‘तज्ज्ञ समितीने शिफारस केली नाही.’ अभिप्राय नाहीत, गुण नाहीत. विचारलं तर ‘प्रक्रिया गोपनीय आहे’ एवढंच उत्तर.

दुसऱ्यात मुख्य अर्जदार अमेरिकेतलं विद्यापीठ, आपण भागीदार. तो तिथल्या एनसीआयकडे, म्हणजे राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे गेलाय (नागपूरजवळच्या जामठ्याच्या त्याच नावाच्या रुग्णालयाकडे नव्हे, हे आधीच सांगतो, कॉलेजात निम्म्यांचा तोच गैरसमज आहे). त्यांच्या राजपत्रात समितीच्या बैठकीची सूचना आली. तारीख, वेळ, आणि ‘बैठक लोकांसाठी बंद राहील’.

बंद म्हणजे नेमकं काय बंद? निकालानंतर कोणाला विचारायचं? आणि पहिल्या अर्जाचे अभिप्राय माहिती अधिकारात निघतात का?

स्लाइडवाला

आधी अमेरिकेचं सांगतो. त्या सूचनेचा मजकूर ठरलेला असतो, तुमच्या अर्जात काही खोट आहे म्हणून बैठक बंद ठेवली असं समजू नका. सरकारी सल्लागार समित्यांच्या बैठका तिथे मुळात खुल्याच ठेवाव्या लागतात. बंद ठेवायची तर आधी राजपत्रात कारण छापावं लागतं. अर्ज तपासणीला ते दोन कारणं लावतात, तिथल्या कायद्याच्या कलम ५५२बी मधला चौथा आणि सहावा अपवाद: अर्जात पेटंटजोगी किंवा व्यापारी गुपिताची गोष्ट असू शकते, आणि माणसांची वैयक्तिक माहिती असते.

आत काय होतं ते मात्र अजिबात गुपित नाही. प्रत्येक अर्ज साधारण तीन परीक्षकांकडे आधीच गेलेला असतो. ते १ ते ९ गुण देतात, १ सर्वांत चांगला. आपल्याकडच्या सवयीने लोक ९ पाहून खूश होतात, तसं करू नका. प्राथमिक गुणांवरून तळाचे, ढोबळमानाने निम्मे अर्ज चर्चेलाच येत नाहीत. चर्चेला आलेल्यांवर सगळे पात्र सदस्य गुण देतात, त्यांची सरासरी गुणिले १०, म्हणजे १० ते ९० मधला आकडा. ज्याचा हितसंबंध आहे तो त्या अर्जापुरता बाहेर जातो.

२५ जानेवारी २०२५ पासूनच्या मुदतींना निकषांची मांडणी बदलली आहे. संशोधनाचं महत्त्व आणि पद्धतीचा काटेकोरपणा या दोनांना गुण. माणसं आणि साधनं पुरेशी आहेत की नाहीत, एवढाच शेरा. हा बदल ग्रामीण भागीदाराच्या फायद्याचा आहे. मोठ्या नावाच्या संस्थेला नुसत्या नावावर गुण मिळणं त्याने अवघड झालं.

बैठकीआधी बोलायचं ते फक्त त्या समितीच्या वैज्ञानिक परीक्षण अधिकाऱ्याशी, आणि तेही मुख्य संशोधकानेच. नियमित समितीच्या सदस्यांची यादी साधारण महिनाभर आधी संकेतस्थळावर दिसते. त्यातलं कोणी ओळखीचं निघालं तरी मेल करायचा नाही, ‘फक्त नमस्कार’ सुद्धा नाही. तो गोपनीयतेचा भंग धरतात आणि अर्ज बाद होऊ शकतो.

बैठकीनंतर आकडा साधारण तीन दिवसांत ईआरए कॉमन्स या तिथल्या अर्ज-पोर्टलवरच्या खात्यात येतो, लेखी अभिप्राय महिन्याभरात. चर्चेला न आलेल्या अर्जालाही लेखी अभिप्राय मिळतात. पण हे सगळं मुख्य संशोधकाच्या खात्यात दिसतं, भागीदाराच्या नाही. पूर्ण प्रत त्यांच्याकडून मागून घ्या, त्यांनी काढून दिलेला सारांश नको. आपल्याकडच्या फील्डवर्कवरचे शेरे सारांशात हमखास गळतात.

चांगला आकडा म्हणजे पैसे नव्हेत. वर अजून राष्ट्रीय कर्करोग सल्लागार मंडळ आहे, १९७१ च्या कायद्याने आलेलं. त्याची बैठक काही भाग खुली, काही भाग बंद असते. शेवटचा शब्द एनसीआयच्या संचालकांचा. नाकारलं तर सुधारून एकदा पुन्हा पाठवता येतं, मूळ अर्जापासून ३७ महिन्यांच्या आत, सोबत एका पानात ‘काय बदललं’ हे लिहून. अपील चालतं ते पक्षपात, हितसंबंध, तज्ज्ञतेचा अभाव किंवा तथ्याची चूक यावर. ‘परीक्षकाला आमचं म्हणणं पटलं नाही’ हे कारण चालत नाही.

अपील_क्रमांक_एक

माहिती अधिकाराचं मी सांगतो. निघतात, पण मागायची रीत असते.

‘आमचा अर्ज का नाकारला?’ असं लिहिलं की उत्तर येणार: ही माहिती नाही, हा खुलासा आहे. बरोबरच आहे ते. कायद्यात माहिती म्हणजे अस्तित्वात असलेला कागद. म्हणून कागदाचं नाव घ्या. प्रस्ताव क्रमांक टाकून असं मागा: समितीच्या इतिवृत्तातला या प्रस्तावापुरता उतारा, परीक्षकांचे लेखी अभिप्राय, त्यांची नावं व ओळख पटेल असा मजकूर कलम १० प्रमाणे वगळून, गुणपत्रक असल्यास त्याची प्रत, निकष आणि प्रत्येकाचा गुणभार, हितसंबंधाबाबतचे नियम, आणि या प्रस्तावाच्या वेळी त्या कारणाने बाहेर बसलेल्या सदस्यांची फक्त संख्या. शेवटी कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं ते कलम म्हणतं.

नावं मागू नका. २०१२ मध्ये बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखत मंडळाची नावं कलम ८(१)(छ), म्हणजे जिवाला धोका या कारणाखाली झाकायला मान्यता दिली. नावं मागितली की अधिकाऱ्याला अख्खा अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं. इतरांचे प्रस्तावही मागू नका, तिथे कलम ११ लागतं, त्रयस्थाला नोटीस जाते आणि मुदत ४० दिवसांची होते. मिळत तरीही नाही, ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गुपिताचं कलम आडवं येतं.

नकारात बहुतेक वेळा ८(१)(ङ), विश्वासाश्रित नातं (म्हणजे माहिती विश्वासाने दिलेली आहे), हे कारण असतं. त्यावर २०११ चा सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांचा निकाल कामाचा: स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थी पाहू शकतो, तपासनिसाची ओळख झाकून. निधीचा अर्ज म्हणजे परीक्षा नव्हे हे खरं, म्हणून तो युक्तिवाद म्हणूनच मांडा, हुकमाचं पान समजू नका.

शुल्क १० रुपये, प्रत पानाला २ रुपये. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर मजकूर ३,००० अक्षरांत बसवावा लागतो, जास्त असेल तर पीडीएफ जोडा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच समजायचा आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाकायचं. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. पुढे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. तिथे मात्र रांग मोठी आहे, पुढच्या अर्जाची मुदत त्यावर टांगून ठेवू नका.

आणि हे सगळं करण्याआधी योजनेच्या अधिकाऱ्याला साधा मेल: ‘सुधारित प्रस्तावासाठी परीक्षकांचे निनावी अभिप्राय मिळावेत.’ तक्रारीचा सूर नको. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

खर्रा_मोजणारा

वरचं दोघांचं पटतं, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. दार बंद आहे म्हणजे आत आपला माणूस नाही. परीक्षकाला शंका आली तर सांगणारं कोणी नाही, तो शंकेचे गुण कापून पुढे जातो. म्हणून शंका येण्याआधी उत्तर अर्जातच पाहिजे.

साधं उदाहरण घ्या. ‘खर्रा’ हा शब्द दिल्लीतल्या परीक्षकाला नीट कळेलच असं नाही, अमेरिकेतल्याला तर नाहीच. तो त्याला गुटखा समजतो, मग विचारतो, २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे ना? सुपारी, तंबाखू आणि चुना ठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून दिला जातो, कारखान्यातून पाकीटबंद येत नाही, हे दोन ओळींत लिहा. लगेच पुढचा प्रश्न येतो: मग मात्रा कशी मोजणार? ‘दिवसाला किती पुड्या’ एवढ्यावर भागत नाही, कारण ठेल्यागणिक पुडीचं वजन बदलतं. निवडलेल्या गावांतल्या ठेल्यांवरून नमुना पुड्या विकत घेऊन ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तोलणार, सुपारी-तंबाखूचं प्रमाण वेगळं नोंदवणार, असं लिहिलं की तो मुद्दा संपतो.

खर्र्याने तोंड कमी उघडतं, त्याचं मापही तसंच. नुसतं ‘कमी उघडतं’ याला किंमत नाही. वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने, तीनदा, मिलिमीटरमध्ये. ३५, २५ आणि १५ या टप्प्यांच्या सीमा. समोरचे दात पडलेले असतील तर काय करणार तेही लिहा, आपल्याकडच्या वयस्क लोकांत हा प्रश्न येतोच.

नमुना संख्या हे बाद होण्याचं नेहमीचं ठिकाण. समजा लोकांत आजाराचं प्रमाण ६ टक्के धरलं आणि १.५ टक्क्यांची अचूकता हवी, तर साधं सूत्र ९६३ देतं. बहुतेक जण इथेच थांबतात. पण गावं समूह म्हणून निवडताय ना? समूह परिणाम (एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात म्हणून नमुना वाढवायचा गुणक) २ धरला की १,९२६. त्यात १५ टक्के लोक भेटणार नाहीत धरलं की २,२६६. आणि ६ टक्के कुठून आणलं याचा आधार द्या, नाहीतर सगळी इमारत हवेत.

हे १५ टक्के आपल्याकडे कॅलेंडरवर ठरतात. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं सापडतात, खर्रा खाणारा वावरात. वेळापत्रकात फेऱ्या सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर दाखवा.

आणखी एक. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाची तपासणी ३० वर्षांवरच्यांची आहे, खर्रा मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तुमचा अभ्यास १८ पासून घेणार असेल तर तेच तुमचं वेगळेपण, ते पहिल्या पानावर हवं. संशयिताची बायोप्सी कुठे, गडचिरोलीच्या टोकावरून नागपूर-सेवाग्रामला यायचं भाडं कोणत्या शीर्षाखाली, आणि कॅन्सर निघाला तर उपचाराची जबाबदारी कोणाची, हे नसेल तर समिती पद्धत कितीही चांगली असली तरी नैतिकतेवर अडवते. अडवायलाच पाहिजे.

स्लाइडवाला

खर्रा_मोजणाऱ्यांनी लाखातलं सांगितलं. फक्त गोपनीयतेची दुसरी बाजू राहिली. समिती गुप्त ठेवते आणि आपण प्रस्तावाची वर्डफाइल गावातल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर सोडून येतो, नाहीतर विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. रोगनिदान चाचणीसारखं काही पेटंटजोगं असेल तर हे महागात पडतं. सरकारकडे तपासणीसाठी दिलेल्या माहितीला पेटंट कायद्याच्या कलम ३० चं संरक्षण आहे, ग्रुपवर टाकलेल्याला ते लागू नाही. परीक्षकांनी अर्ज एआय चॅटबॉटमध्ये टाकण्यावर एनआयएचने (एनसीआय जिचा भाग आहे त्या अमेरिकी संस्थेने) जून २०२३ मध्येच बंदी घातली. आपण स्वतः भाषा सुधारायला अर्ज जसाच्या तसा तिथे टाकावा का, याचाही विचार करा.

अमेरिकेच्या अर्जाबाबत दोन कागदी गोष्टी. परदेशी सहकार्य असल्याने आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागेल. आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) जायचं. ती येईपर्यंत एकही ऊतीनमुना देशाबाहेर जात नाही, आणि तिला वेळ लागतो. दुसरं, परदेशी भागीदाराला पोटकरारातून पैसे देण्याची जुनी पद्धत थांबवत असल्याचं एनआयएचने १ मे २०२५ ला जाहीर केलं. तुमचा अर्ज कोणत्या रचनेखाली गेलाय ते मुख्य संशोधकाला आजच विचारा. गुण कितीही चांगले असोत, पैसे कोणत्या वाटेने येणार ते त्यावर ठरतं.

संशोधन_कक्ष_वर्धा

फार उपयोग झाला, आभार. एकच राहिलं: माहिती अधिकाराचा अर्ज अधिष्ठात्यांच्या सहीने कॉलेजच्या लेटरहेडवर टाकायचा ना?

अपील_क्रमांक_एक

नाही भाऊ, तिथेच परत येतो. कलम ३ प्रमाणे हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. मुख्य संशोधकाच्या स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्याने टाका, पदाचा शिक्का नको. प्रस्तावावर ज्यांचं नाव आहे त्यांनीच टाकला तर ‘तुम्ही कोण’ हा प्रश्नही उठत नाही. मराठीतही चालतो, कायद्यात तशी सोय आहे, पण केंद्राच्या कार्यालयाला इंग्रजीत किंवा हिंदीत दिला तर भाषांतराच्या नावाखाली जाणारे दिवस वाचतात.