ट्रकचा थर्ड पार्टी हप्ता वजनावर ठरावा की मालकाच्या इतिहासावर?

धागालेखक:
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय (अपघातात इतरांना झालेल्या हानीची भरपाई देणारा विमा) ट्रक रस्त्यावर आणता येत नाही, आणि त्याला माझा विरोध नाही. आक्षेप दराच्या रचनेवर आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १२ ते २० टनांच्या सार्वजनिक मालवाहू वाहनाचा मूळ वार्षिक हप्ता ३५,३१३ रुपये, तर ४० टनांवरील वाहनाचा ४४,२४२ रुपये ठरला. वर्षानुवर्षे एकही दावा नसलेला मालक आणि ज्याची प्रकरणे अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात सतत चालू असतात असा मालक, दोघेही सारखेच पैसे भरतात. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सवलत, मिळते ती केवळ ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर.

पहिला प्रतिसाद:
असहमत. २००७ मध्ये ओन डॅमेजचे दर ठरवणे कंपन्यांना खुले झाले, तेव्हाही व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टी विम्यासाठी सर्व कंपन्यांत तोटा वाटून घेणारा सामाईक पूल उभारावा लागला, कारण ट्रकचा विमा कंपन्यांना नकोसा होता. तो पूल २०१२ पर्यंत चालला. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला विमा कंपनीसाठी कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. अशा जोखमीवर इतिहासानुसार दर लावायची मुभा दिली, तर जुन्या गाडीच्या मालकाला सवलत तर सोडाच, पॉलिसी मिळणेच अवघड होईल. शिवाय एकाच ट्रकला काही वर्षे अपघात झाला नाही, एवढ्यावरून चालक सावध होता की नशीबवान, हे कोणी ठरवायचे?

दुसरा प्रतिसाद:
एका ट्रकबाबत हे मान्य, पण पन्नास गाड्यांच्या ताफ्याबाबत नाही. तिथे नोंदी पुरेशा बोलक्या असतात. त्यामुळे अनुभवावर आधारित दर निदान मोठ्या वाहतूकदारांना लावावा, आणि वजनाचा दर कमाल मर्यादा म्हणून कायम ठेवावा, म्हणजे नकाराची भीतीही उरणार नाही.

पहिला प्रतिसाद देणारे:
कमाल मर्यादा ठेवली, तर वाईट ताफ्याचा वाढीव भार कोण उचलणार? सवलत सगळ्यांना आणि वाढ कुणालाच नाही, हा हिशेब शेवटी एकच ट्रक असलेल्याच्याच हप्त्यात निघेल.

धागालेखक:
तो भार आजही तोच उचलतो आहे, फक्त पॉलिसीवर तो वेगळा दिसत नाही. चालकाचा परवाना वैध नसल्यास कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. मात्र ही वसुली अपघातानंतरची आहे, आणि माझा प्रश्न त्याआधीच्या हप्त्याचा आहे.