चेक लाइट, कोड पी०१३५, पीयूसी नापास: ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी काय काय तपासू? (नागपूर)

धंतोली_हॅचबॅक
गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, १ लाख १८ हजार किमी चाललेली. महिनाभरापासून चेक लाइट लागून राहिला आहे. ब्लूटूथ स्कॅनरवर एकच कोड येतो, पी०१३५. शहरात १५ चं ॲव्हरेज होतं, ते ११ वर आलं. पीयूसीला आयडलवर (उभ्या गाडीत, रेस न देता) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.८ टक्के निघाला, मर्यादा ०.३, म्हणून नापास. गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता "सेन्सर बदला" म्हणाले. गाडीला आधी एलपीजी किट होतं, दोन वर्षांपूर्वी काढलं. डिजिटल मल्टीमीटर आणि साधे पाने घरी आहेत. सेन्सर खरंच गेला का हे कसं ठरवू? आणि युनिव्हर्सल सेन्सर (कनेक्टरशिवाय येणारा, वायर आपण जोडायचा) चालेल का?

मल्टीमीटर_४४००१०
भाऊ, पी०१३५ म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला (तो धुरातला ऑक्सिजन मोजतो) तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. सेन्सर चुकीचं मोजतो आहे, असं हा कोड म्हणत नाही. फ्यूज उडाला, वायर तुटली, कनेक्टरमध्ये गंज चढला, तरी हाच कोड येतो. म्हणून सुरुवात हीटरपासून.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सरचा कनेक्टर काढा. चार वायरपैकी एकाच रंगाच्या दोन वायर हीटरच्या. बॉश आणि एनटीकेमध्ये त्या पांढऱ्या, सिग्नल काळी, सेन्सरची अर्थ करडी. डेन्सोमध्ये हीटरच्या दोन काळ्या, सिग्नल निळी, अर्थ पांढरी. रंग सेन्सरच्या बाजूचेच पाहा, गाडीच्या हार्नेसचे (गाडीकडून येणाऱ्या वायरच्या जुडग्याचे) वेगळे असतात. हीटरच्या दोन वायरमध्ये साधारण ३ ते १५ ओहम यायला हवेत. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली, विषय संपला. थंड असतानाच मोजा म्हणतो कारण तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो, आणि मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं रीडिंग फसवतं.

ओहम बरोबर आले तर इंजिन चालू करून हार्नेसच्या बाजूला हीटरच्या सप्लाय वायरवर व्होल्टेज बघा. बॅटरीइतकं, १३.५ ते १४ च्या आसपास हवं. नसेल तर फ्यूज आणि रिले.

सिग्नल नंतर. कनेक्टर जोडलेला ठेवून मागून बारीक टाचणी सरकवा, वायरचं आवरण भोसकू नका. इंजिन पूर्ण गरम करा, २,५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरा. मीटर २ व्होल्ट डीसीवर. आकडा ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली व्हायला हवा, १० सेकंदांत सात-आठ वेळा तरी. मीटर मंद असेल तर स्कॅनरवर आलेख बघा. मग एक लहान व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा: आकडा ०.२ च्या खाली पडला पाहिजे. पाइप लावून एकदम रेस द्या: ०.८ च्या वर गेला पाहिजे. दोन्हीकडे पटकन हलला तर सेन्सर जिवंत आहे. सिग्नल आणि अर्थ यांच्यामध्ये ओहम कधीही मोजू नका, मीटरच्या करंटनेच सेन्सर खराब होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र खटकते. हीटर गेला की आयडलवर सेन्सर थंड पडतो. तो ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आयडलवर सीओ वाढणं समजतं. पण रस्त्यावर धुराच्या उष्णतेनेच तो तापतो. १५ चे ११ फक्त हीटरमुळे होणं पटत नाही. स्कॅनरवर कूलंटचं तापमान किती येतं ते कळवा. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची फार वाईट सवय आहे. तो नसला की इंजिन तापतच नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते थंडच वाटतं आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो.

इतवारी_किट
एलपीजीचं वाचलं म्हणून लिहितो. मिक्सरवाल्या किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरची सिग्नल वायर कापून मध्ये इम्युलेटर बसवतात. गॅसवर गाडी चालताना तो ईसीयूला बनावट सिग्नल देतो. किट काढणारे बरेचदा इम्युलेटर काढून वायर नुसती पिळतात आणि वर टेप गुंडाळतात. तो जोड सैल झाला तर नवा सेन्सर टाकूनही सिग्नल धड येणार नाही. सेन्सरच्या कनेक्टरपासून ईसीयूपर्यंत सिग्नल वायरवर हात फिरवत जा, टेप सापडली की उघडा.

धंतोली_हॅचबॅक
आज सकाळी तपासलं. हीटर: अनंत. हार्नेसवर १३.९ व्होल्ट, फ्यूज ठीक. सिग्नल वायरवर एक जोड सापडला, पण तो नीट क्रिंप केलेला आणि स्वच्छ आहे. कूलंटचं तापमान रिंग रोडवर अर्धा तास चालवूनही ६८ च्या वर गेलं नाही. हाउसिंग उघडलं तर थर्मोस्टॅटच नाही.

घाटरोड_बावीस
मग दोन्ही कामं करा, आणि थर्मोस्टॅट आधी. गाडी गरम होते म्हणून तो काढला असेल तर रेडिएटर, फॅन आणि कॅप यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे, तेही बघून घ्या. कूलंटचा आकडा ८५ ते ९५ मध्ये स्थिर झाल्यावर सेन्सरला हात घाला. नाहीतर जाडसर (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणाच्या काजळीत नवा सेन्सरही काळा होईल.

युनिव्हर्सल नको. जुन्या सेन्सरवर छापलेला नंबर घेऊन घाट रोडवर कनेक्टरसकट मागा, डेन्सो, बॉश किंवा एनटीके. युनिव्हर्सल घ्यावाच लागला तर हीटरचे ओहम जुळवा (जुन्या सेन्सरवरून आता कळणार नाहीत, सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या) आणि जोड क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून), सोल्डर नाही. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत मिळते, सोल्डरने ती वाट बुजते. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारू नका, त्याचंही कारण तेच.

काढताना: आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. मॅनिफोल्ड कोमट असताना आटे सुटतात, पूर्ण तापल्यावर हात भाजतात. कनेक्टर आधी काढा, नाहीतर वायर पिळली जाईल. २२ ची, बाजूला खाच असलेली सेन्सरची गोटी (सॉकेट) मिळते. ती नसेल तर जुना सेन्सर टाकायचाच आहे, वायर कापा आणि २२ चा रिंग पाना घाला. उघड्या पान्याने कडा गोल होतात. थोडा सुटून अडला तर पुढे जोर लावू नका. परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडवा. आटे खरवडले गेलेच तर एम १८ बाय १.५ चा टॅप फिरवावा लागेल.

निघालेल्या सेन्सरचं टोक बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे जाड मिश्रण, तुमच्याकडे तेच दिसेल. पांढरा खरखरीत थर असेल तर कूलंट किंवा सिलिकॉन सीलंट आत जातो आहे. चमकदार तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे.

नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक वेळा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलेलं येतं. नसेल तर फक्त आट्यांना अगदी थोडं लावा, टोकाला लागू देऊ नका. पहिले चार-पाच फेरे हातानेच. मग ४० ते ४५ न्यूटन मीटर. वायर मॅनिफोल्डपासून लांब क्लिपमध्ये अडकवा. खाली पडलेला सेन्सर वापरू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही.

कोड पुसा, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, आणि स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो आहे तो आकडा) बघा. उणे १० ते अधिक १० मध्ये आली की पीयूसीला जा. तिथे मशीनची नळी आत घालण्याआधी २,५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरायला सांगा, म्हणजे सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही गरम असतील. बीएस-४ ला हाय आयडलचीही (उभ्या गाडीत वाढवलेल्या आरपीएमवर) चाचणी असते: सीओ ०.२ आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३. लॅम्डा १.०३ च्या वर आला तर सेन्सरवर शंका घेण्याआधी सायलेन्सरचे जोड तपासा. गळक्या जोडातून हवा आत शिरली की तोच आकडा येतो.