शब्दचर्चा : ‘अनुभव’, ‘प्रत्यक्ष’, ‘जाणवणे’, आणि विचार नेमका कोठून सुरू होतो?

प्रश्न (तिवसा तालुका, जि. अमरावती, शिक्षिका)

आमच्या गावात सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर मंडळी थोडा वेळ बोलत बसतात. तेथे एका ज्येष्ठांनी असे मत मांडले की, विचार थांबल्यावर जे उरते तोच खरा अनुभव होय, बाकी सगळी मनाची भर. त्यावर एका शेतकऱ्याने विचारले की, मग आमचा शेतीतला उभ्या आयुष्याचा अनुभव मनाची भर समजायची काय? दोघांचेही म्हणणे मला प्रामाणिक वाटले, परंतु दोघे एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते. ‘काल विजेचा झटका बसल्याचा अनुभव आला’ या वाक्यातला अनुभव ही घडलेली एक घटना आहे. ‘त्यांना पेरणीचा अनुभव आहे’ या वाक्यातला अनुभव म्हणजे अशा असंख्य घटनांतून साठलेले शहाणपण आहे, आणि स्मृतीवाचून काही साठत नाही. असे असेल तर ‘थेट अनुभव’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? तो ‘प्रत्यक्षा’चाच पर्याय आहे काय, आणि त्यात विचाराला जागा आहे की नाही? जाणकारांनी शब्दांच्या अंगाने खुलासा करावा.

प्रतिसाद (मेहकर, जि. बुलढाणा, निवृत्त संस्कृत शिक्षक)

ताई, आपल्या प्रश्नातला गोंधळ मराठीत शिरलेला आहे. मूळ शास्त्रात तो नाही. न्यायशास्त्र म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र; त्यातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या ग्रंथात ज्ञानाचे दोनच भाग केलेले आहेत, स्मृती आणि अनुभव. केवळ संस्कारातून, म्हणजे आधीच्या ज्ञानाच्या मागे उरलेल्या ठशातून, उत्पन्न होते ती स्मृती, आणि तिच्याहून निराळे जे ज्ञान ते सगळे अनुभव. यथार्थ अनुभवाचे पुढे चार प्रकार येतात : प्रत्यक्ष, अनुमिती (अनुमानाने झालेले ज्ञान), उपमिती (सारखेपणावरून झालेले) आणि शाब्द (विश्वसनीय माणसाच्या शब्दावरून झालेले). म्हणजे डोंगरावरचा धूर पाहून तेथे विस्तव आहे असे कळले, तर तेही न्यायशास्त्राच्या भाषेत अनुभवच ठरते. मराठीने दोन्ही बाजूंनी शब्द फिरवला. जो शब्द स्मृती वगळून घडवला होता त्याच्यातच आपण वर्षानुवर्षांची स्मृती भरली, आणि अनुमान त्यातून बाहेर काढले.

‘प्रत्यक्षा’तला अक्ष म्हणजे इंद्रिय, आणि त्यात त्वचा, जीभ, नाक, कान हे सगळे आले. न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाचे न्यायसूत्र; त्यात प्रत्यक्षाचे जे लक्षण दिले आहे त्यात ‘अव्यपदेश्य’ आणि ‘व्यवसायात्मक’ हे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ शब्दाने सांगता न येणारे, दुसऱ्याचा निश्चय झालेले. एकाच ज्ञानाला ही दोन्ही विशेषणे कशी लागावीत? टीकाकार वाचस्पती मिश्रांनी त्यांतून प्रत्यक्षाच्या दोन अवस्था काढल्या, निर्विकल्पक (नाव-गुणांची जोड न लागलेली) आणि सविकल्पक (ती जोड लागलेली). बौद्ध आचार्य दिङ्नागांना मात्र पहिलीच मान्य आहे. नाव, जाती (म्हणजे वर्ग), गुण यांची जोड लागली की ती कल्पना झाली, आणि प्रत्यक्ष हे ‘कल्पनापोढ’, म्हणजे कल्पनेवेगळे असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्या गावच्या ज्येष्ठांचे मत याच्या जवळ जाते. याच्या नेमक्या उलट टोकाला वैयाकरण भर्तृहरी उभे आहेत. शब्दाची संगत नसलेले ज्ञान लोकात आढळतच नाही, असे ते आपल्या वाक्यपदीय या ग्रंथात स्पष्ट म्हणतात.

हा वाद शतकानुशतके चालला आहे, तो आपण येथे मिटवू असे मला वाटत नाही. मात्र ‘अनुभव’ आणि ‘प्रत्यक्ष’ समानार्थी नाहीत, एवढे खात्रीने सांगता येते.

प्रतिसाद (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ, शेतकरी)

गुरुजींना नमस्कार. मला शास्त्र येत नाही, पण रोज हाताखालून जाणारे एक उदाहरण द्यावेसे वाटते. वेचलेला कापूस विकायला काढण्याआधी आमच्याकडे बोंडातली सरकी दाताखाली धरून पाहतात. वाळलेली असली तर ती ‘कट’ असा आवाज करून फुटते. ओल असली तर दबते आणि दाताला चिवट लागते. माझे वडील एक सरकी चावतात आणि लगेच म्हणतात, “अजून ओला हाये, ऊन दाखवा.” दाताला चिवट लागले, म्हणून सरकीत ओल आहे, म्हणून कापूस ओला आहे, अशा पायऱ्या त्यांच्या मनात चढलेल्या मला कधी दिसल्या नाहीत. नव्या माणसाला मात्र सरकी चिवट लागते आणि तो तेथेच थांबतो. याचा अर्थ काय, हे त्याला विचारावे लागते. मग वडिलांच्या त्या एका क्षणात प्रत्यक्ष किती आणि विचार किती?

माझ्यापुरती एक कसोटी मला सापडली आहे. शासकीय खरेदी केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात आणि साधारण 8 ते 12 टक्क्यांचा हिशेब धरतात. यंत्राचा आकडा वडिलांच्या बोलण्याविरुद्ध गेला, तर ‘कापूस ओला आहे’ हे त्यांचे म्हणणे चुकीचे ठरू शकते. परंतु सरकी दाताला चिवट लागली, हे कोणतेही यंत्र खोडून काढू शकत नाही. जे खोडता येते तेथे विचार आलेला आहे, जे खोडता येत नाही ते थेट आहे, असे म्हणता येईल काय?

प्रतिसाद (मेहकर, निवृत्त संस्कृत शिक्षक)

भाऊ, आपली कसोटी मोलाची आहे, पण न्यायशास्त्राला ती जशीच्या तशी चालणार नाही. गौतमाच्या त्याच लक्षणात ‘अव्यभिचारि’, म्हणजे न चुकणारे, असाही शब्द आहे. मृगजळाच्या ठिकाणी पाणी दिसणे हेही इंद्रियातूनच घडते, आणि ते वगळण्यासाठी तो शब्द घालावा लागला. दिङ्नागांच्या परंपरेतले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनीही प्रत्यक्षाच्या लक्षणात ‘अभ्रान्त’, म्हणजे भ्रम नसलेले, हे विशेषण वाढवले. यावरून इंद्रियांच्या पातळीवरही चूक संभवते, असे नैयायिक (न्यायशास्त्राचे अभ्यासक) आणि बौद्ध या दोन्ही पक्षांना वाटत होते हे दिसते.

प्रतिसाद (चांदूर बाजार तालुका, जि. अमरावती)

एक लहानशी पुरवणी. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, ही समजूत फार पक्की बसली आहे. आमच्या भागातले संत गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच अंध झाले, आणि त्यांना लोक ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. अक्ष म्हणजे केवळ डोळा असे धरले तर त्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष आलेच नाही असे म्हणावे लागेल, आणि ते उघडच चूक आहे.

प्रतिसाद (तिवसा तालुका, शिक्षिका)

सर्वांचे आभार. घाटंजीच्या भाऊंची कसोटी मला मराठी व्याकरणातच दडलेली दिसते, म्हणून ती जरा विस्ताराने मांडते. ‘मी त्याला बांधावरून जाताना पाहिले’ आणि ‘मी पाहिले की तो निघून गेला आहे’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात जाणारा माणूस डोळ्यांसमोर असलाच पाहिजे; दुसऱ्यात रिकामी खाट आणि जागेवर नसलेल्या चपला पाहिल्या असल्या तरी पुरे. ‘जाणवणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. ‘मला गारवा जाणवला’ येथे जाणीव थेट आहे, तर ‘मला जाणवले की तो खोटे बोलतो आहे’ येथे अनुमान आहे, आणि जाणवण्याच्या आडोशाने ते स्वतःला थेट म्हणवून घेते. वर्तमानपत्री मराठीत हा दुसरा प्रयोग फार बोकाळला आहे, आणि त्यामुळे आपल्या मताला पुरावा मागण्याची सोयच उरत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते. ‘की’ आला म्हणजे पुढे एक विधान आले. विधान खरे किंवा खोटे असू शकते, गारवा तसा असू शकत नाही. ‘वाटणे’ तर दोन्ही कामे राजरोस करते : ‘भीती वाटते’, ‘पाऊस येईल असे वाटते’.

गुरुजींनी दाखवलेले मृगजळ मला याच ठिकाणी बसते असे वाटते. लखलखणारे काही दिसले, येथवर कोणतीच चूक नाही. ‘ते पाणी आहे’ असे म्हटले की चूक संभवते. न्यायशास्त्र याला मान्यता देणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आता विचाराविषयी. मराठीत आपण ‘विचार करतो’ आणि आपल्या मनात ‘विचार येतो’. करणारे आपण असतो. येणारा मात्र थंडी वाजावी किंवा भूक लागावी तसा आपल्याला न विचारता येतो. ‘उद्या गारपीट होईल’ हा विचार मनात आला, तर गारपीट हा माझा अनुभव नव्हे. पण तो विचार येणे आणि त्याने छातीत धस्स होणे, हा सरकी दाताला चिवट लागण्याइतकाच थेट अनुभव आहे. त्यामुळे विचार एका बाजूला आणि अनुभव दुसऱ्या बाजूला अशी वाटणी मला पटत नाही. विचार जे सांगतो ते अनुभवाबाहेरचे असू शकते, विचार येतो हे मात्र अनुभवातलेच आहे. आमच्या ज्येष्ठांचे ‘विचार थांबला पाहिजे’ हे म्हणणे या अर्थाने अधिक कडक झाले असे माझे मत आहे. विचार जे सांगतो त्यालाच अनुभव समजणे थांबले, तरी पुष्कळ झाले.

प्रतिसाद (मेहकर, निवृत्त संस्कृत शिक्षक)

विचार येतो याचीच जी जाणीव आपण म्हणता, तिला नैयायिक ‘अनुव्यवसाय’ म्हणतात. ‘हा घट आहे’ हे ज्ञान झाल्यावर ‘मला घटाचे ज्ञान झाले’ असे जे मनाला कळते ते मानस प्रत्यक्ष, कारण मन हेही अंतरिंद्रियच मानलेले आहे. शब्दाविषयी शेवटची एक सूचना करतो. ‘थेट अनुभवा’साठी संस्कृतात ‘अपरोक्ष’ हा नेमका शब्द आहे, परंतु मराठीत ‘माझ्या अपरोक्ष हे ठरले’ असे म्हणताना आपण तो ‘माझ्या पाठीमागे’ या अर्थाने, म्हणजे थेट उलट वापरतो. ‘परोक्ष’ म्हणायला हवे तेथे ‘अपरोक्ष’ आता इतके रुजले आहे की ते काढता येणार नाही. म्हणून शास्त्रीय लेखनात तो शब्द वापरावयाचा असल्यास पहिल्याच ठिकाणी त्याचा अर्थ खुलासेवार द्यावा. बोलण्यात ‘प्रत्यक्ष’ पुरेसा आहे, मात्र तो डोळ्यांपुरता मर्यादित धरू नये.